अ‍ॅम्ब्युलन्स तळ्याच्या कोणत्या काठावर?

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला आमच्या भागात अ‍ॅम्ब्युलन्स एकच. मध्ये हे मोठं तळं. गाडी कुठल्या काठावर उभी करायची ते ठरवणारा साहेब गॉर्डन, आणि गणित मार्नी हाकोलाचं. मी त्याच ऑफिसात नकाशे काढते, तेव्हा सगळा तमाशा माझ्यासमोरच झाला.

सॉफ्टवेअरला सुरुवातीची जागा द्यावी लागते. तिथून पोहोचायचा सरासरी वेळ कमी करत करत ते सरकतं. डोळे बांधलेला माणूस उतारावरून पहिल्याच खड्ड्यात जाऊन बसावा, तसं थांबतं. पलीकडे त्याहून खोल खड्डा असला तरी त्याला काय पत्ता! आणि गॉर्डन सुरुवात नेहमी जुन्या ठाण्यापासूनच करणार. मग उत्तर तेच, "किमान सापडलं," म्हणजे सगळ्यात कमी वेळाची जागा मिळाली.

"एकदा दुसरीकडून चालवून बघा," मार्नी म्हणायची.

"मशीन सांगतंय ना? तू काय मशीनपेक्षा शहाणी?"

मशीन सांगतंय, म्हणे! अरे, पलीकडे वस्ती दुप्पट झाली, तळ्याला वळसा घालून गाडी येईपर्यंत माणसं तडफडतात, आणि हा मठ्ठ तोंड वर करून मशीनचं नाव सांगतो!

शेवटी चर्चच्या तळघरातल्या सभेत मार्नीनं सगळ्यांसमोर पलीकडच्या काठावरून सुरुवात केली. उत्तर पलीकडचंच आलं, आणि वेळ कितीतरी कमी. गॉर्डन लालबुंद झाला.

"तुझा बाप जुन्या ठाण्याशेजारी राहतो! दोनदा हृदयाचा झटका येऊन गेलाय त्याला. लाज नाही वाटत?"

माझं टाळकंच सरकलं. बापाला मध्ये ओढतोस, नालायका! गाडी पलीकडे हलवायचा ठराव मात्र मंजूर झाला. मागच्या बाकावरचा मार्नीचा म्हातारा बाप, वेनो, उठून बाहेर गेला. मार्नी आणि मी त्याच्या मागे धावलो.

"माझ्या घरापासून चालवून बघितलंस का एकदा तरी?" तो आपल्या गाडीपाशी ओरडला.

"पहिल्यांदा तिथूनच, बाबा! तुमच्या दारापासून. जुनंच ठाणं आलं." मार्नीचा आवाज फाटला. "तिथंच बंद करणार होते मी. 'सापडलं' म्हणून, त्या गॉर्डनसारखं! चीड येते मला स्वतःची, कळलं?"

"मी घर सोडणार नाही," वेनो खेकसला.

"नका सोडू!"

त्याच आठवड्यात मार्नी कपडे भरून बापाकडे राहायला गेली. दोघं अजून भांडतात. पण अ‍ॅम्ब्युलन्स येईस्तोवर त्याची छाती दाबायला घरात कुणीतरी हवं ना.