आप्पांचा ब्लोअर

गाडीला इंजिन असतं हे माझ्या थोरल्या चुलत्यांना मान्य आहे, पण ते त्यांना फारसं महत्त्वाचं वाटत नाही. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे ब्लोअर, आणि त्याच्याभोवती माणसांची सोय म्हणून बसवलेल्या चार सीटा. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. भांडगावात कुणी गाडी घेतली, की लोक रंग बघतात, ॲव्हरेज विचारतात. आप्पा धोतर सावरत पुढच्या डाव्या दारातून आत शिरतात आणि डॅशबोर्डखाली डोकं घालतात. बाहेर फक्त पाय दिसतात. समोरचा कप्पा रिकामा करायचा, दोन्ही कडा दाबून खाली सोडायचा, की मागं फिल्टर आणि त्याच्या खाली वारा आत फेकणारी ब्लोअरची मोटर, हे त्यांनी अख्ख्या गावाला शिकवलंय. वारा कमी आला की लोक एसीला शिव्या देतात, आणि आत अडकलेली असते लिंबाची एक काडी, असं त्यांचं म्हणणं. मोटरीला ते पाण्याचा थेंब लागू देत नाहीत. मऊ ब्रशनं पात्यांवरची धूळ काढायची, तीही बाळाचं अंग पुसावं तशी.

वडील गेले तेव्हा माझी बहीण रांगत होती. तिला आप्पांनीच वाढवलं. शिक्रापूरच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका मुलाचं स्थळ आलं आणि आम्ही त्याचं घर बघायला गेलो, तेव्हा माझ्या मनात एक वेगळीच धास्ती होती. झालंही तसंच. पोहे यायच्या आत आप्पांनी अंगणातल्या गाडीकडं बोट करून मुलाला विचारलं, “ब्लोअर कवा साफ केला व्हता?”

गाडी वेळच्या वेळी सर्व्हिसिंगला जाते, असं सांगून मुलाच्या वडिलांनी विषय मिटवायला पाहिला. मुलगा मात्र जरा विचार करून म्हणाला, “खरं सांगू का आप्पा, तो कुठं असतो तेच मला माहीत न्हाई. दाखवता का?”

मग आम्ही सगळे पोहे खात त्या दोघांचे चार पाय बघत बसलो. फिल्टरमधून रस्त्याची सगळी धूळ निघाली, चिंचेचा पाला निघाला, पात्यांत अडकलेला कागदाचा बोळा निघाला. आत काय बोलणं झालं ते आप्पांनी कधीच सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, “पोरगं लपवीत न्हाई. मला पसंत हाय, पन तिला इचारा.” घरी हे सगळं ऐकून बहीण डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि त्याला भेटायला तयार झाली.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी आप्पा मांडवात दिसेनात. बहीण रडायचं सोडून त्यांना शोधत होती. ते सापडले सजवलेल्या गाडीपाशी. पुढच्या काचेखालच्या जाळीवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. हवा तिथूनच आत जाते, पाकळ्या ब्लोअरमध्ये पडतील, असं पुटपुटत ते एकेक पाकळी वेचून मुठीत धरत होते. बहीण पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण वर पाहिलं नाही.

गाडी सुरू झाली. जाळी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी आप्पांची बोटं तिथंच होती. बहिणीनं काच खाली केली.

“आप्पा, आता जाऊ द्या.”

त्यांनी हात मागं घेतला. घरी येईपर्यंत ते माझ्याशेजारी मूठ मिटूनच बसले होते.