आक्कांचा मुका कुकर

आक्का माणसांना नावानं कमी आणि शिव्यांनीच जास्त हाक मारत. अहमदपुरात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो, म्हणून माझी पायरी जरा वरची. मला त्या फक्त "मुडद्या" म्हणत. चारचौघांत "मास्तर".

एकदा गॅसवर डाळ ठेवून आक्का शेजारी गप्पा मारायला गेल्या आणि पातेल्याचा कोळसा झाला. पुण्याच्या मुलानं, धनूनं, गॅस काढून टाकला आणि विजेचा कुकर आणून ठेवला. "आई, आता ह्याच्यावरच स्वयंपाक. नाहीतर बॅग भर आणि पुण्याला चल." पुणं म्हणजे आक्कांच्या लेखी दहाव्या मजल्यावरची कैद. स्वतःच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची खरडपट्टी काढता येणार नसेल तर जगायचं कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

हा कुकर शिट्टी देत नसे. "मुका हाय मेला," आक्का म्हणाल्या. "आत काय करून राहिला, कळंना. असल्याच्या हाती डाळ द्यायची व्हय?" दुसऱ्याच दिवशी परसात तीन दगडांची चूल मांडली गेली, तुराट्या पेटल्या. मी भीत भीत धनूची आठवण करून दिली. "चुलीम्होरून उठलं की ती इझती. इसरायचा सवालच न्हाई!" मी तुराट्यांची मोळी पुढं सरकवली.

कुकर वाया गेला असं मात्र नाही. त्यात रोज आक्कांच्या अंघोळीचं पाणी उकळे. सकाळी धनूचा व्हिडिओ कॉल आला की फोन मी धरायचा आणि आक्का डोक्यावर पदर घेऊन, नव्या सुनेसारख्या कुकरशेजारी उभ्या राहायच्या. दिवा लागलेला, वाफ निघतेय, धनू खूश! एकदा परसातल्या धुरानं त्यांना ठसका लागला. "किरायदार कचरा जाळून राहिला, मुडदा!" फोन धरणाऱ्या किरायदारानं फोन कुकरच्या आणखी जवळ नेला.

वेळ अमावस्येच्या सणाला धनू मुक्कामी आला आणि त्यानं कुकरातलं वरण मागितलं. सकाळी तो उठायच्या आत आक्कांनी कुकरचं भांडं राखेनं घासलं, चुलीवर शिजवलेली डाळ त्यात ओतली आणि बटण दाबलं. वरण भुरकत धनू म्हणाला, "बघ आई, अगदी चुलीवरची चव आलीय!"

"तर! लई हुशार हाय तुजा कुकर."

धनूनं त्याच दिवशी सासूबाईंसाठी तसलाच एक मागवला.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. सकाळचा चहा घेऊन दारात बसल्या, दूधवाल्याला दोन शिव्या हासडल्या आणि भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच.

तेराव्याला धनू कुकर मांडीवर घेऊन बसला होता. "सर, ह्याच्यामुळंच आई शेवटपर्यंत स्वतःच्या घरात राहिली," तो म्हणाला आणि हमसून रडायला लागला.

ते सोळा आणे खरं होतं. मी "होय" म्हणालो आणि त्याच्या शेजारी बसून मीही रडून घेतलं.