ताईने शेंगदाणे खाल्ले

उभा जन्म लोकांच्या घरातल्या वायरी जोडण्यात गेला, आणि स्वतःच्या परसातली वायर कुरतडली कुणी? तर वीतभर खारीने! वायरमनकाकांच्या जिव्हारी लागलं ते हेच. तिने डाळिंबं पोखरली, कुंड्या उकरल्या, ते त्यांनी एक वेळ सोसलंही असतं. पण पाण्याच्या पंपाची वायर पुन्हा तुटली आणि त्यांचं डोकंच फिरलं.

जाळी बांधून झाली, मिरचीचं पाणी फवारून झालं, पिंजराही लावून झाला. बया पिंजऱ्याच्या टपावर बसून शेपटी उडवायची. दोघी नाती खिडकीतून टाळ्या पिटायच्या, "खारूताई आली, खारूताई आली!"

"ताई म्हणे! कुठून नातं लागतं गं तुमचं?" काका करवादायचे.

"काय वाट्टेल ते करा, पण विष नको. घरात पोरी आहेत," काकूंनी बजावलं होतं. काका "बरं" म्हणाले. आणि सकाळी काकू अंघोळीला गेल्या तसे त्यांनी उंदराचं औषध चोपडलेले शेंगदाणे फुटक्या बशीत घालून गुपचूप टाकीमागे ठेवले.

दुपारी ते पंपाशी बसले होते. धाकटी नात रडत आली आणि त्यांचा सदरा ओढायला लागली. "आजोबा, चला ना! ताईने शेंगदाणे खाल्ले! टाकीमागचे! उठतच नाहीये!"

हातातली पक्कड गळून पडली. पुढचं ऐकायला काका थांबलेच नाहीत. धाकटी मागून हाका मारत होती, ते घरात धावले. थोरली मागच्या खोलीत पलंगावर आडवी पडलेली. गदागदा हलवलं तरी डोळे उघडेना. पोरीची झोप कुंभकर्णाची, हे सगळ्या घराला ठाऊक. पण त्या घडीला आठवतंय कुणाला?

"अहो, झालं काय?" काकू धावत आल्या.

"मी विष ठेवलं होतं गं," काका कसंबसं म्हणाले. "हिने खाल्लं."

काकूंनी धाकटीला कडेवर घेतलं आणि निघाल्या. दवाखाना कोपऱ्यावरच होता. थोरलीला उचलून धावताना काकांच्या छातीचा भाता झाला होता. एक शिवी तरी घाल गं बाई, असं त्यांना वाटत होतं.

थोरली एव्हाना जागी होऊन भेदरून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात बॅटरी मारली. "काय खाल्लंस बाळा?"

"काहीच नाही. मी झोपले होते."

"खरं सांग!" काकांचा आवाज फाटला. "आजोबा रागावणार नाही, पाया पडतो तुझ्या, पण खरं सांग!"

"ही ताई नाही काही!" काकूंच्या कडेवरून धाकटी ओरडली. "खारूताई!"

काका थोरलीला पोटाशी धरून हसायला लागले, आणि हसता हसता ढसाढसा रडले. डॉक्टरीणबाई हसल्या. काकूंनी डोळे पुसले.

धाकटी तेवढी हसेना. ती खाली उतरून काकांसमोर उभी राहिली.

"मग तिला का नाही आणलंत? मी तिच्यासाठीच बोलवायला आले होते. तेव्हा ती पाय हलवत होती, आजोबा."