लाईन कितीवर लागंल

“डोळ्याला दिसंल तेवढंच बोलावं,” हे इंद्रायणीचं कायमचं म्हणणं. पावसाचा अंदाज सांगणाऱ्याला ती हेच ऐकवायची, सोयरिकीच्या उडत्या खबरा आणणाऱ्या बायांनाही हेच. लोक तिला फटकळ म्हणत. ती होतीच फटकळ.

शहागडात गोदावरीच्या अंगाला तिचं घर. बाप रायभान. त्याचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं दुसऱ्यांच्या रानात गेलं. इंद्रायणी मात्र शिकली, नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या हापिसात हिशेबाला लागली, तिथंच खोली करून राहिली. नोकरी सांभाळून तिनं एक मोठी परीक्षा दिली. गुंतवणुकीच्या धंद्यातली, परदेशातल्या संस्थेची, तीन टप्प्यांची. हा पहिला टप्पा. अभ्यास अवघड होताच, पण त्याहून अवघड गोष्ट वेगळीच. पास व्हायला किती मार्क लागतात, हे ती संस्था आधी सांगत नव्हती. पेपर झाल्यावर आत कुठंतरी रेषा ओढली जायची आणि मग कळायचं, आपण वर की खाली.

ती रेषा कुणी पाहिलेली नव्हती. म्हणूनच सगळे तिच्यावर बोलायला लागले.

सगळ्यात पुढं हरिओम सर. जालन्यात त्यांचा सगळ्या मोठ्या परीक्षांचा क्लास, इंद्रायणी रविवारी तिथं जायची. पेपर झाल्यावर त्यांनी विचारलं, किती बरोबर आले असतील?

“शंभरातले पासष्ट धरा. तेही अंदाजानं.”

“मग झालीस पास! यंदा पेपर कडक होता. लाईन बासष्टच्या वर जाणारच नाही.”

“तुम्हाला दिसली का लाईन, सर?”

सर हसले. अनुभवी माणसं हसतात तसं.

पुढच्या आठवड्यात शहागडच्या चौकात फ्लेक्स लागला. ‘शहागडची वाघीण! पहिल्याच प्रयत्नात यश!’ खाली क्लासचं नाव आणि ‘प्रवेश सुरू’. फोटोत इंद्रायणीच्या अंगावर काळा कोट चढवलेला. तिनं जन्मात कोट घातला नव्हता.

फ्लेक्ससमोर जेठमलशेठचं किराणा दुकान. तिथल्या बाकावर रोजची चर्चा.

“शेठ, लाईन कितीवर लागंल हो?”

“सोयाबीनच्या भावावानी हाये ते. आपला माल घरात हाये तंवर पडती, इकला की चढती.”

“पोरीला पासष्ट हायेत म्हणं.”

“मंग बराबर बसती की!”

रायभान रोज त्या फ्लेक्सखाली येऊन टोपी सरळ करायचा. एके दिवशी त्यानं फोटोला झेंडूचा हार घातला. जेठमलशेठ दुकानातून ओरडले, “अरे रायभान, काढ तो हार! जित्या माणसाच्या फोटोला हार घालत्यात का?”

रविवारी इंद्रायणी आली आणि चौकातच थांबली. “आबा, हे खाली उतरवा. निकाल लागला न्हाई अजून.”

“सर म्हणले, पास हाये.”

“सरांचं ते म्हणणं हाये. निकाल न्हाई.”

पण बापाचा चेहरा बघून तिचा हात उठला नाही. ती तशीच परत गेली.

निकाल हापिसात बसल्या जागी आला. इंद्रायणी रेषेच्या खाली होती. तिनं लगेच सरांना फोन लावला.

“लाईन वर गेली यंदा,” सर म्हणाले. “आमचा अंदाज बरोबरच होता. लाईन चुकली.”

“फ्लेक्स काढा.”

“अगं, प्रवेशाचे दिवस आहेत. पुढच्या वेळी होशीलच की पास.”

इंद्रायणीची कानशिलं तापली. तिचा राग संस्थेवर नव्हता. संस्थेनं आधीच सांगितलं होतं की सांगणार नाही. ज्यांनी रेषा पाहिली नव्हती आणि तरी ती चौकात टांगून विकायला काढली, त्यांच्यावर तो राग होता. मग तिनं घरी फोन करून निकाल सांगितला. रायभान म्हणाला, “कुणाला बोलू नको. आन् ओमप्रकाश उद्या मोनिकाला त्याच क्लासात घालू राह्यला. तिचा नर्सिंगला नंबर लागल्ता, ते सोडून देतो म्हणं. तुझा फ्लेक्स बघून.”

ओमप्रकाश म्हणजे रायभानचा चुलत भाऊ. मोनिका त्याची एकुलती पोर.

सकाळी पहिल्या एसटीनं इंद्रायणी शहागडला उतरली. ओमप्रकाश आणि मोनिका पिशवी घेऊन चौकात उभेच होते.

“काका, नर्सिंग सोडू नका. मी नापास झाले.”

ओमप्रकाश हसला. मग हसू मावळलं. “आमची पोरगी पुढं जाईल म्हणून पोटात दुखू राह्यलं का? एवढं मोठं छापलंय, ते काय खोटं?”

“खोटंच हाये!”

“तू म्हणती म्हणून? पोरी, छापलेलं दिसतंय मला.”

इंद्रायणी वळली. तरातरा घरी गेली. मेंढरांच्या पाठीवर खूण करायच्या लाल रंगाचा डबा वळचणीला होता, तो उचलला. रायभान आडवा आला.

“पुढच्या बारीला पास होशील, मंग ते खरंच होईल ना? तंवर गप राह्य.”

“आन् मोनिकाची जागा तंवर थांबती का, आबा?”

रायभान दारातून हलला नाही. ती त्याच्या बाजूनं अंग चोरून निघून गेली.

जेठमलशेठनं स्वतःच स्टूल आणून ठेवलं. “नीट चढ. नापास झालीस ते झालीस, वरून हातपाय मोडून नको घेऊ.”

तिनं हाताचा पंजा डब्यात बुडवला आणि आपल्याच फोटोवर, त्या काळ्या कोटावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं: नापास. अक्षरं मोठी होती. हायवेवरच्या ट्रकवाल्यालाही वाचता यावीत अशी.

ओमप्रकाशनं एकेक अक्षर लावून वाचलं. मग पिशवी खाली ठेवली.

“मोनिके, ते नर्सिंगचे कागद कुठं ठेवलेत?”

“घरीच हायेत.”

“चल मंग. जल्दी.”

इंद्रायणीनं डबा स्टुलावर ठेवला. हात धुवायला कुणीतरी पाणी पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही. हापिस उघडायच्या आत जालना गाठायचं होतं. लाल हात अंगापासून लांब धरून ती हायवेकडं निघाली.

रायभान मागून चौकात येऊन पोचला होता. मोनिका बापाच्या मागं चालता चालता वळून वळून बघत होती. रायभान मात्र एका जागी उभा होता, रागानं ओठ घट्ट मिटलेले, आणि एसटीत चढणाऱ्या पोरीवरून त्याची नजर हलत नव्हती.