चौथा पट्टा

आज जुन्या गाडीतल्या गादीचे पट्टे उसवायला बसले. तीन सहज निघाले, चौथा निघेना. नाकात फोमचा तोच वास आला आणि मी पुन्हा जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या गाड्या तपासायच्या शेडमध्ये उभी राहिले.

माझ्या मुलाने, संजयने, जपानहून आलेल्या गाडीत झोपायची सोय केली होती. गादी जागची सुटली तर गाडी नापास. तपासनीस एकेक पट्टा ओढत होता. चौथा शिवताना मशीनचा दोरा संपला, म्हणून मी गोधडीच्या दोऱ्याने हातटाके घातले होते. कोणाला सांगितलं नव्हतं.

"आई, शाल का आवळून घेतेस? थंडी वाजते?"

"हो," मी म्हणाले.

तपासनीसाने पाय रोवून चौथा पट्टा ओढला. तो हलला नाही.

तेव्हा वाटलं, देवाने लाज राखली. आज त्याच हातटाक्यांवर कात्री बोथट झाली तेव्हा कळलं, लाजण्यासारखं काही नव्हतंच.