वाऱ्याचा मान

माणसाला नवी दृष्टी लाभली की त्याचं जगणंच पालटतं. माझं पालटलं ते इतकंच, की आधी नाकावर चष्मा असायचा, आता खिशात थेंबांची बाटली असते. सोलापुरात लेझरनं नंबर घालवून घेतला तेव्हापासून लांबच्या एसटीची पाटी लख्ख दिसायची, पण डोळ्यांत कुणी बारीक वाळू फेकल्यासारखं सतत खुपायचं. वैताग असा, की कोरडे डोळे उलट पाझरतात. कोरडेपणाची तक्रार करावी, तर समोरचा म्हणायचा, "पाणी तर येतंय की!" डॉक्टरांचं सांगणं होतं, चोळू नका, थेंब घालत राहा, वाऱ्यासमोर बसू नका.

हे शेवटचं आमच्या जिल्ह्यात पाळणं अवघड. उन्हाळ्यात पाहुण्याचा मान कूलरपासूनच्या अंतरावर ठरतो.

धाकट्या बहिणीच्या लग्नाची बैठक ढोकीला, नवऱ्या मुलाच्या घरी होती. वडील नाहीत, म्हणून आमच्याकडून आई आणि मी. पसंती झालेली होती. लग्न कसं करायचं एवढंच ठरायचं होतं. खर्च आमचा, थाट त्यांचा. निघताना बहिणीनं बजावलं, "दादा, घोडा-बिडा आणला तर मी मांडवात येणार न्हाय." आईनं रस्ताभर बजावलं, "आपण मुलीकडचे. तू कशालाही नको म्हणू नकोस."

"पाव्हणं, हितं बसा," म्हणत मुलाच्या वडिलांनी मला थेट कूलरच्या तोंडाशी बसवलं.

"मी तिकडं बसतो. वारा डोळ्यांना..."

"आपल्या घरात लाजायचं न्हाय!" त्यांनी बटण फिरवून वारा वाढवला. मी खुर्ची सरकवली. त्यांनी कूलर सरकवला. त्याला चाकं होती.

"आमचं लई काय न्हाय," ते म्हणाले. "पोरगं घोड्यावरनं आलं पायजे."

नेमके तेव्हाच डोळे पेटले. मी मान मागं टाकली, थेंब घातले, पापण्या मिटल्या आणि कोपऱ्यांवर बोटं दाबून बसलो. थेंब आत टिकावेत म्हणून असं थोडा वेळ बसावं लागतं. मी हो म्हणेन म्हणून आई थांबलेली. खोलीत फक्त कूलर घरघरत होता.

शेवटी ते खाकरले. "बरं, घोडा ऱ्हाऊ द्या. जनावर गर्दीत बिथरतं बी."

चहा आला. "पण डीजे पायजे," ते म्हणाले. पहिले थेंब एव्हाना कूलरनं पिऊन टाकले होते. पुन्हा मान मागं, पुन्हा बोटं.

"अहो, पाव्हण्यांना पटंना दिसतंय," आतून मुलाची आई म्हणाली. "हलगी सांगा की."

"हलगी सांगू," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

मग नळदुर्गच्या किल्ल्यावर लग्नाआधीचे फोटो काढायचा विषय निघाला. खरं तर या वेळी डोळे ठीक होते. तरी मी बाटली काढली. आईनं कोपरानं ढोसलं. फोटो रद्द झाले.

"ड्रोन मातर वरनं फिरला पायजे," ते म्हणाले, आणि आता स्वतःच खुर्चीत मागं रेलून वाट बघू लागले.

मी मान मागं टाकून बाटली दाबली. थेंब संपले होते.

लग्नात ड्रोन होता.