खाऊन ये

सदर इसम रुग्णालयाच्या प्रतीक्षालयात 'पडदा-साहाय्यक' या पदावर कार्यरत असून भिंतीवरील पडदे सुरू करणे, बंद करणे व श्रवणबाधितांच्या सोयीसाठी आरोग्यविषयक चित्रफितींखाली स्वयंचलित अक्षरपट्टी चालू ठेवणे ही त्याची कर्तव्ये होत. अक्षरपट्टी वाचून पाहणे हे कोणाचेच कर्तव्य नाही.

लोक त्याला रिमोटराव म्हणतात. खालची अक्षरं यंत्र आपल्या कानाने ऐकून आपल्या मनाने लिहितं. एकदा 'रक्त तपासून घ्या'चं 'रक्त तापवून घ्या' झालं, तेव्हा औषधांच्या खिडकीतली बाई ओरडली, "रिमोटराव, गॅस पेटवू का?" तोही हसला. कळवलं मात्र नाही. कळवायचं कोणाला?

त्याची थोरली बहीण शिवणकाम करते. ऐन तिशीत तिचे कान गेले, तेव्हापासून ती डोळ्यांनीच ऐकते. त्यातल्या एका डोळ्याचा पडदा सुटू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया ठरली, तीही पूर्ण भूल देऊन, कारण टेबलावर तिला "हलू नका" ऐकू येणार नव्हतं. परिचारिका सूचना सांगायला आली, तर रिमोटराव ऐटीत म्हणाला, "ताईशी घसा कशाला फोडताय? आमच्या पडद्यावर सगळं लिहून येतं."

"देव भलं करो," म्हणत परिचारिका निघून गेली.

ताई पडद्यासमोर बसली. चित्रफितीतली डॉक्टरीण सांगत होती, "भूल घ्यायची असेल तर सकाळी काही खाऊ नये." यंत्राने एकही अक्षर चुकवलं नाही. मधली मोकळी जागा तेवढी एक घर पुढे सरकवली: 'सकाळी काही खाऊन ये.' खात्रीसाठी ताईने डॉक्टरणीचे ओठही पाहिले. ओठांवर मोकळी जागा दिसत नाही.

सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून खुणेनेच विचारलं.

"खाल्लं ना, पोटभर!" ताई खणखणीत आवाजात म्हणाली. "तुमच्या भिंतीनेच बजावलं. 'ये' म्हणाली मला, घरच्यासारखं. नाहीतर दवाखान्यात कोण अगं-तुगं करतं?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले. रिमोटराव ताईसमोर उकिडवा बसला आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, "ताई, ते 'खाऊ नये' होतं."

ताईने त्याचे ओठ लक्षपूर्वक वाचले.

"अरे, मग मी काय सांगतेय?"

त्याने पुन्हा म्हटलं. ती पुन्हा मान डोलावून हसली. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा चेहरा उतरला, आणि तो चेहरा मात्र तिला बरोबर वाचता आला.

त्या दिवशी पुढची वेळ रिकामी नव्हती, आणि डोळ्यांचे डॉक्टर संध्याकाळी परगावी जाणार होते. ते परतेपर्यंत आतला पडदा पुरता सुटला होता.

रुग्णालयाच्या अहवालानुसार सर्व पडद्यांवर अक्षरपट्टी अखंड सुरू असून श्रवणबाधितांकडून एकही तक्रार प्राप्त झालेली नाही.

ताईच्या सुईत हल्ली दोरा भाऊ ओवतो.